बांधातून पाईप नको, मुरमाच्या टोकाला उघडा सांडवा काढा

पत्र

पारनेर तालुक्यात आमच्या शेतातून जाणाऱ्या ओघळीवर आठ वर्षांपूर्वी आम्ही स्वखर्चाने मातीचा बांध घातला. लांबी ७० मीटर, मधोमध उंची साडेतीन मीटर, माथा दोन मीटर रुंद. वरून साधारण ३० एकरांचं पाणी येतं. बहुतेक नांगरटीची काळी जमीन आहे. जादा पाणी बाहेर जायला सांडवा म्हणून एका कडेला दीड मीटर रुंदीचा चर आहे. गेल्या सप्टेंबरात तळं भरलेलं असताना रात्री मोठा पाऊस झाला आणि पाणी बांधावरून गेलं. बांध राहिला, पण पाठीमागच्या उतारावर कंबरेइतकी घळ पडली आहे. ठेकेदार म्हणतो, सहा इंची पीव्हीसी पाईप दोन टाका, दोन दिवसांत काम होतं. चुलते म्हणतात, घळ पडली तिथेच दगड बसवून पाणी वरून सोडा. बांधाचं पूर्वेचं टोक काळ्या मातीत आहे, पश्चिमेचं कडक मुरमात. तळ्यात रोहू-कटला सोडलेत, तेही वाहून जाऊ नयेत. काय करावं?

उत्तर

बांधातून पाईप काढू नका आणि बांधावरूनही पाणी सोडू नका. पश्चिमेच्या टोकाला, बांधाच्या भरावात नव्हे तर मूळ मुरमाच्या जमिनीत, १० मीटर रुंद उघडा सांडवा काढा आणि त्याचा उंबरठा, म्हणजे ज्या कडेवरून पाणी बाहेर पडू लागतं ती कड, बांधाच्या माथ्यापेक्षा एक मीटर खाली ठेवा. हे आकडे कुठून आले ते पुढे सांगतो, म्हणजे ठेकेदारासमोर बसून तुम्हाला स्वतःला हिशेब मांडता येईल. सांडवा नुसता "मोठा ठेवा" म्हणून भागत नाही. किती मोठा, हे पाण्यावरून ठरतं.

आधी पाणी किती येतं ते बघू. लहान पाणलोटासाठी वापरायचं सूत्र सोपं आहे: वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक, पावसाची तीव्रता (तासाला मिलिमीटर) आणि क्षेत्र (हेक्टर) यांचा गुणाकार करायचा आणि ३६० ने भागायचं. उत्तर सेकंदाला घनमीटर येतं. तुमचे ३० एकर म्हणजे १२ हेक्टर. नांगरलेल्या भारी काळ्या जमिनीला, उतार मध्यम असेल तर, गुणांक ०.६ धरावा. राहिली तीव्रता. इथे लोक हमखास चुकतात, कारण महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा २४ तासांचा आकडा हाताशी असतो आणि तोच सूत्रात घातला जातो. ३० एकरांच्या पाणलोटात लांबच्या टोकाचा थेंब बांधापर्यंत दहा-पंधरा मिनिटांत पोहोचतो. तेव्हा सांडव्याला तोंड द्यावं लागतं ते सर्वांत जोरदार दहा-पंधरा मिनिटांच्या पावसाला, दिवसभराच्या पावसाला नाही. आपल्याकडच्या परतीच्या पावसात असा जोर काही मिनिटांसाठी तासाला १०० ते १५० मिलिमीटरच्या वेगाने सहज होतो. आपण १२० धरू.

०.६ × १२० × १२ ÷ ३६० = २.४ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे सेकंदाला २,४०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर चार-सव्वाचार सेकंदांत रिकामा व्हावा इतकं पाणी.

तळं स्वतः थोडं पाणी सामावून घेईल आणि लोंढा जरा मंदावेल, असा युक्तिवाद कोणी करेल. तो खरा आहे, पण हिशेबात धरू नका. तुमच्यावर वेळ आली तेव्हा तळं आधीच काठोकाठ होतं आणि सप्टेंबरात ते नेहमीच तसं असणार.

आता पाईप. सहा इंची पाईप, १५ मीटर लांब, त्यावर मीटरभर पाण्याचा दाब असं उदार मनाने धरलं तरी एक पाईप सेकंदाला सुमारे ४० लिटर सोडतो. दोन पाईप ८० लिटर. येणारं पाणी २,४००. पाईपनेच भागवायचं तर साठ पाईप लागतील. शिवाय पाईपचा स्वभाव असा की त्याच्यावरचं पाणी दुप्पट उंच झालं तरी तो दुप्पट पाणी सोडत नाही, जेमतेम दीडपटीच्या आत राहतो. उघड्या सांडव्यावर पाण्याची उंची दुप्पट झाली तर पावणेतीनपटीपेक्षा जास्त पाणी जातं. अंदाज चुकला, पाऊस धरला त्याहून मोठा आला, तर उघडा सांडवा ती चूक बरीचशी सांभाळून घेतो. पाईप अजिबात सांभाळत नाही. त्यात पुराच्या पाण्याबरोबर तुरकाट्या, बेशरमीच्या फांद्या, कडबा, प्लास्टिकच्या पिशव्या येतात आणि सहा इंचाचं तोंड अर्ध्या तासात बुजतं, तेही रात्री.

तुंबण्याहून वाईट गोष्ट म्हणजे पाईपच्या बाहेरून चालणारं पाणी. तयार बांध उकरून पाईप टाकला की त्याच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना, जिथे गोलाई आत वळते, तिथे माती नीट दाबली जात नाही. धुम्मस तिथे पोहोचतच नाही. त्या पोकळीतून झिरपा सुरू होतो, बारीक माती वाहायला लागते आणि वाट आतल्या आत मोठी होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा पाठीमागे गढूळ पाण्याची धार लागलेली असते आणि हातात थोडेच तास असतात. तुमच्याकडे भरावाला काळी माती वापरली असेल तर धोका वाढतो, कारण ती उन्हाळ्यात पाईपपासून सुटते आणि फट पडते.

चुलत्यांचा उपाय मनापासूनचा आहे, आणि दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्याला तो चालतो. तिथे पाणी माथ्यावरूनच जातं. मातीच्या भरावावर चालत नाही. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, दगड मात्र तसाच अधांतरी राहतो, आणि मधल्या फटींतून पाणी खाली शिरून माती ओढून नेतं. वरून दगड जागच्या जागी दिसतात, खाली पोकळ झालेलं असतं. बांधाची मधोमधची जागा तर सर्वांत उंच भरावाची, म्हणून सर्वांत जास्त बसणारी आणि पाणी पडायला सर्वांत खोल. मोठ्या धरणांनाही यातून सुटका नाही. गुजरातमधल्या मोरवीजवळच्या मच्छू-२ धरणाचे मातीचे भाग ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले: सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं, ते मातीच्या माथ्यावरून वाहिलं आणि भराव खचला. तुमचा बांध एका रात्रीतून वाचला तो बहुधा पाऊस वेळेत थांबला म्हणून.

तुमच्या सध्याच्या दीड मीटरच्या चरातून, फूटभर पाणी वाहिलं तरी, सेकंदाला चारशे लिटरच्या आत पाणी जातं. गरजेच्या जेमतेम सहावा हिस्सा. गेल्या सप्टेंबरात काय झालं याचं उत्तर एवढंच आहे.

रुंदीचा हिशेब असा. माती-मुरमाच्या सपाट उंबरठ्यावरून जाणारं पाणी म्हणजे १.५ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. कॅल्क्युलेटरवर उंचीला तिच्याच वर्गमुळाने गुणलं की दीड घात मिळतो. अर्धा मीटर उंचीचं पाणी जाऊ द्यायचं ठरवलं तर साडेचार मीटर रुंदी पुरते. ४० सेंटिमीटरला सव्वासहा मीटर लागते. ३० सेंटिमीटरला पावणेदहा, म्हणजे दहा.

मग साडेचार मीटर का नको? खोदाई निम्म्याहून कमी झाली असती. कारण प्रश्न नुसता पाणी मावण्याचा नाही, ते कोणत्या वेगाने जातं याचाही आहे. ५० मीटरला एक मीटर अशा बेताच्या उतारावर, गवत असलेल्या चरात, साडेचार मीटर रुंदीत पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास १.८ मीटर होतो. दहा मीटर रुंदीत तो १.३ च्या आसपास राहतो. उघडा मुरूम साधारण १.२ मीटरपर्यंत टिकतो, दाट हरळी लागलेली जमीन दीड ते पावणेदोनपर्यंत. उघडी काळी माती पाऊण मीटरलाच सुटायला लागते. अरुंद चर पहिल्या मोठ्या पावसात स्वतःच खोल होत जातो, आणि सांडवा खोल झाला की त्याबरोबर तुमचं साठलेलं पाणीही जातं. खाली कोणाचं घर, गोठा किंवा रस्ता असेल तर दहावर थांबू नका. पंधरा मीटर करा आणि आकडे कृषी अभियंत्याकडून तपासून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुम्हाला ते जवळ पडेल.

आता पातळ्या. यात पाच-दहा सेंटिमीटरला किंमत असते, म्हणून डम्पी लेव्हलवाला (दुर्बिणीच्या यंत्राने पातळी मोजणारा) एका दिवसासाठी बोलवा. तो नसेल तर पारदर्शक पाण्याच्या नळीनेही काम होतं, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बांधाच्या माथ्यावर दर पाच मीटरला पातळी घ्या. आठ वर्षांत मधला भाग खचलेला असणारच. सर्वांत खालचा बिंदू कुठला ते शोधा. सगळी मापं त्या बिंदूपासून, टोकाच्या उंच भागापासून नाही. त्याच्या खाली ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्याचे, ६० सेंटिमीटर मोकळी उंची (वाहतं पाणी आणि माथा यांतलं सुरक्षित अंतर) आणि १० सेंटिमीटर पुढच्या खचण्यासाठी, मिळून एक मीटर. तिथे सांडव्याचा उंबरठा.

एवढं पाणी कमी साठणार हे ऐकून वाईट वाटेल. त्यावर योग्य उपाय बांध अर्धा मीटर उंच करणं हा आहे, सांडवा वर उचलणं हा नाही. दहा मीटर रुंद, २५ मीटर लांब आणि सरासरी मीटरभर खोल चर खोदताना, बाजूंचा उतार एकास एक (एक मीटर उंचीला एक मीटर आडवा) धरून, सुमारे २७५ घनमीटर म्हणजे ९७ ब्रासच्या आसपास मुरूम निघेल. उंची वाढवायला लागणाऱ्या भरावाचा बराच भाग त्यातून भागतो. मात्र नुसता माथ्यावर ढीग ओतायचा नाही. माथ्याची रुंदी दोन मीटरच राहिली पाहिजे, म्हणून पाठीमागच्या उतारावरही पायथ्यापासून वरपर्यंत भर घालत यावं लागतं; पाण्याकडचा उतार एकास अडीच आणि पाठीचा एकास दोन असेल तर अर्ध्या मीटरच्या उंचीसाठी पाठीकडे सव्वादोन मीटर जाडीची भर येते. मुरूम पाणी सोडणारा असतो, त्यामुळे तो पाठीकडेच शोभतो. आणि माथा मधोमध टोकांपेक्षा १५ सेंटिमीटर उंच ठेवा, खचून सपाट होईल.

जागा ठरवताना मुरमाच्या टोकाला बांधाचा भराव जिथे संपतो तिथून पुढे किमान तीन मीटर मूळ जमीन सोडा आणि मग चराची आतली कड धरा. काळ्या मातीच्या टोकाला सांडवा काढण्याचा मोह, खोदाई सोपी म्हणून, होईल, करू नका. उन्हाळ्यात तिथे हात जाईल अशा भेगा पडतात आणि जूनचं पहिलं पाणी त्या भेगांतूनच वाट काढतं. मुरूम कुठपर्यंत सलग आहे हे बघायला जेसीबीने दीड मीटर खोल दोन-तीन चाचणी खड्डे आधी घ्या. वरती मुरूम आणि खाली चिकणमाती निघाली तर जागा दहा-बारा मीटर सरकवा.

माती कशी आहे हे घरी तपासता येतं. हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात, अलगद सोडा. ढवळू नका. दहा मिनिटांनी बघा, मग तासाने बघा. ढेकूळ नुसतं ढासळून तळाशी बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरत राहिला तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटणारी आहे. तसली माती उंबरठ्याजवळ किंवा घळीच्या दुरुस्तीला अजिबात वापरू नका. बोअरच्या पाण्यात ही चाचणी करू नये. त्यातल्या क्षारांमुळे ढग दबून जातो आणि वाईट माती चांगली दिसते.

चराचे तीन भाग पडतात. तळ्याकडचं तोंड पंधरा मीटरपर्यंत पसरट ठेवा, म्हणजे पाणी शांतपणे आत येतं. मग सात-आठ मीटर लांबीचा पूर्ण सपाट भाग, त्याच्या शेवटी उंबरठा. त्यापुढे उताराचा चर, ५० मीटरला एक मीटर, शक्यतो सरळ, आणि बांधाच्या पायथ्यापासून दूर जाणारा. बांधाच्या बाजूला चराला ६० सेंटिमीटर उंचीचा छोटा बाजूबांध घालून त्याला आतून दगड लावा. नाहीतर वळणावर पाणी उसळून थेट बांधाच्या पायथ्याला लागतं.

उंबरठा काँक्रीटचा करा, हा खर्च वाचवू नका. ३० सेंटिमीटर रुंद, ७५ सेंटिमीटर खोल, दोन्ही बाजूंना मीटर-मीटर आत घुसवलेली १२ मीटर लांबीची पट्टी. २.७ घनमीटर काँक्रीट होतं. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटची सुमारे २२ पोती. १० मिलिमीटरच्या चार सळ्या, २० सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरच्या रिंगा. पट्टीचा माथा जमिनीच्या पातळीला आणि आडवा अगदी समपातळीत हवा. एका टोकाला नुसता पाच सेंटिमीटर उतार राहिला तर छोट्या पावसात सगळं पाणी त्याच कडेने जाईल, तिथे नाळ पडेल आणि पुढचा मोठा पूर ती नाळ धरेल. दहा मीटरचा सांडवा कागदावर दहा मीटरचा राहतो, प्रत्यक्षात दोन मीटरचा होतो. उंबरठ्याच्या लगेच खाली तीन मीटर लांबीत ३० सेंटिमीटर जाडीचं दगडी पिचिंग, त्याखाली १५ सेंटिमीटर खडी-मुरमाचा थर. दगड नऊ घनमीटर, तीन-सव्वातीन ब्रास. दगड उभे ठोकून बसवायचे. नुसते आडवे पसरलेले दगड पाणी एकेक करून उचलतं.

आता सर्वांत अवघड जागेकडे येतो. बहुतेक खाजगी तळ्यांचे सांडवे माथ्याशी नाही, शेपटीशी फसतात. तुमचा उंबरठा ओघळीच्या तळापेक्षा अडीच-तीन मीटर उंच आहे. चराला हलका उतार दिला, म्हणजे ती उंची नाहीशी होत नाही. पाणी चराच्या शेवटी ओघळीच्या काठावर येऊन एकदम खाली कोसळणार. जिथे कोसळेल तिथे खड्डा पडतो, काठ ढासळतो, आणि ती दरड दर पावसाला मागे मागे खात वर सरकते, अखेर उंबरठ्याखाली पोहोचते. उंबरठा कितीही भक्कम असला तरी खालून जमीन गेल्यावर तो तुटतोच. म्हणून खोदाई सुरू करण्याआधी ओघळीच्या पश्चिम काठाने पन्नास-साठ मीटर खाली चालत जा आणि कातळ उघडा पडलेली जागा शोधा. पारनेरच्या बाजूला ओघळींच्या काठांना असा कातळ बऱ्याच ठिकाणी वर येतो. सापडला तर चर तिथवर न्या, पाणी कातळावर सोडा, आणि मोठा खर्च टळला. चर १५ मीटर लांबला तरी चालेल.

कातळ नसेल तर तारजाळीत दगड भरून पायऱ्या कराव्या लागतील. एक पायरी एक मीटरपेक्षा उंच नको आणि तिची रुंदी किमान दोन मीटर. दोन मीटर × एक × एकच्या पेट्या घेतल्या तर दहा मीटर रुंदीला प्रत्येक पायरीसाठी दहा पेट्या, तीन मीटर उतरायला तीस. दगड ६० घनमीटर, म्हणजे २१ ब्रास. दगडाचा आकार १५ ते २५ सेंटिमीटर, जाळीच्या डोळ्यातून निसटणार नाही असा. पेट्यांखाली आणि मागे जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) घाला. ते नसेल तर दगडांच्या फटींतून मागची माती वाहून जाते आणि पायऱ्या पुढे झुकतात. शेवटच्या पायरीखाली तीन मीटर लांबीची, अर्धा मीटर जाडीची दगडजाळीची गादी अंथरा. आणि दोन्ही कडांना पेट्या काठात मीटरभर घुसवा, कारण पाणी पायरीपेक्षा पायरीच्या बाजूने वाट शोधतं. चर ओघळीला बांधाच्या पायथ्यापासून किमान वीस मीटर खाली मिळाला पाहिजे.

हरळीचे ठोंब जुलैत ३० सेंटिमीटरवर लावा; पहिलं वर्ष जनावरं चरात सोडू नका. वाळा बाजूच्या उतारांवर छान काम करतो, चराच्या तळात मात्र लावू नये. त्याचे ताठ गुच्छ पाणी दोन्ही बाजूंनी वळवतात आणि मधे नाळ्या पडतात. पहिल्या पावसाळ्यात गवत दाट नसेल, तेव्हा चरात दर दहा मीटरला आडवा, जमिनीत पुरलेला दगडी पट्टा घाला, माथा जमिनीला समपातळीत.

पाईप अगदीच टाकायचा असेल तर त्याचं काम वेगळं: ऑगस्ट-सप्टेंबरात ओघळ हलकी वाहत राहते, तेवढं पाणी काढून देणं, म्हणजे चर सतत ओला राहून हरळी कुजत नाही. तो एकच, सहा इंची, तोही भरावातून नको. सांडव्याच्या कडेने मूळ मुरमातून, तोंड उंबरठ्याच्या १५ सेंटिमीटर खाली. त्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याभोवती सर्व बाजूंनी ६० सेंटिमीटर स्वच्छ वाळू भरा, म्हणजे बाहेरून झिरपलेलं पाणी माती न नेता निघून जाईल. पूर्वी यासाठी पाईपला काँक्रीटच्या कॉलर घालत. कॉलरजवळ माती दाबणं आणखी अवघड होतं, म्हणून वाळू बरी. उन्हात राहणारं टोक एचडीपीई प्लास्टिकचं घ्या, पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतं. पण पहिल्या वर्षी हा खर्च न केला तरी चालेल.

घळ वरून माती लोटून बुजवू नका. ती सैल माती पहिल्याच पावसात सरकेल. आतली सगळी मोकळी माती घट्ट थर लागेपर्यंत काढा, बाजू एकास एक उताराच्या करा, उतारावर ३० सेंटिमीटरच्या पायऱ्या कापा, आणि घळ इतकी रुंद करा की ट्रॅक्टर आत जाईल. मग २० सेंटिमीटरचा थर, त्यावर भरलेल्या ट्रॉलीच्या आठ-दहा फेऱ्या, मग पुढचा थर. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये, एवढी ओल हवी. कोरडी ढेकळं कितीही दाबली तरी मधे पोकळ राहतात.

माशांसाठी सांडव्याला आडवी जाळी कोणी सुचवेल. लावू नका. पाचोळा अडकून तिचा बांध होतो आणि तुम्ही खोदलेले दहा मीटर बंद होतात. रुंद सांडव्यावरून एरवीच्या पावसात पाणी चार-सहा बोटंच वाहतं, त्यातून मोठा मासा फारसा जात नाही. तरी हवीच असेल तर उंबरठ्याच्या पाच मीटर आत, तळ्याकडे, अर्धवर्तुळात उभ्या गजांची जाळी करा. गजांत चार-पाच सेंटिमीटर अंतर, लांबी रुंदीच्या दुप्पट, आणि वरची कड उंबरठ्यापेक्षा १५ सेंटिमीटरहून उंच नाही. तुंबली तरी पाणी तिच्यावरून जाईल. थोडे मासे जातील, बांध राहील. त्याच कारणाने सप्टेंबरअखेरीस "अजून फूटभर पाणी" म्हणून उंबरठ्यावर वाळूची पोती कोणी रचू देऊ नका. परतीचा पाऊस नेमका त्यानंतर येतो. सांडव्यातून ट्रॅक्टरची वाट असेल तर तिच्यावर मातीचा भर न घालता दगडी फरशी घाला, उंबरठ्याच्या पातळीलाच.

सांडवा पश्चिमेला नेल्यावर पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा नव्या जागी पडणार असेल तर आधी त्याच्याशी बोलून लेखी संमती घ्या. पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला किंवा वळवला अशी तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाऊ शकते. पाणी मूळ ओघळीतच परत सोडलं की वादाचं कारण बरंचसं संपतं. ओघळ सातबाऱ्याबाहेर, सरकारी नाला म्हणून नोंदलेली असेल तर खोदाईआधी मृद व जलसंधारण विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

काम मार्चमध्ये सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवा, काँक्रीटला पाणी मारायला किमान दहा दिवस मिळाले पाहिजेत. काही कारणाने यंदा पूर्ण झालं नाही, तर निदान मुरमाची दहा मीटर रुंद खोदाई करून घ्या आणि तळाची पातळी या वर्षापुरती आणखी ३० सेंटिमीटर खाली ठेवा. उंबरठा, पिचिंग, पायऱ्या पुढच्या उन्हाळ्यात. त्यामुळे तळं यंदा कमी भरेल आणि चर थोडा झिजेल, पण तो मुरमात झिजेल, बांधात नाही. घळीची दुरुस्ती मात्र यंदाच, जूनच्या आधी.